अक्षतांआधीची तार

अंतरपाट धरला होता, दोन मंगलाष्टकं म्हणून झाली होती आणि भटजी तिसऱ्याला सूर लावत होते, तेव्हा भुजंग मांडवात शिरला.

मुलीच्या आईने अक्षता बघू नयेत म्हणून कडूबाई घराच्या उंबऱ्याआड उभी होती. पण दाराच्या फटीतून ती बघत होती, आणि म्हणून तिनेच त्याला सगळ्यांआधी पाहिलं. वैशाखाच्या उन्हात अंगात रेल्वेचा निळा कोट, पितळी गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. भुजंग चुडाव्याच्या स्टेशनावर पोर्टर होता. त्याआधी तो गावचा वेसकर होता. त्याचा बाप वेसकर, आजाही वेसकर. मयताची, बाळंतपणाची, सोयरिकीची खबर गावोगाव पायी पोचवायची, हे त्या घराकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. आजवर तो कुणाच्या मांडवाच्या आत आला नव्हता. वेसकर बाहेर उभा राहतो. आज तो सरळ बोहल्यापाशी आला.

"आश्रुबा, तार हाय," तो म्हणाला. "अंगठा करा."

भटजींचा सूर तुटला. कडूबाईचा नवरा आश्रुबा मुठीत अक्षता घेऊन उभा होता. त्याने त्या डाव्या हातात घेतल्या, उजवा अंगठा शाईला लावला, कागदावर टेकवला आणि हातात आलेल्या तारेकडे बघत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं. तार या हातातून त्या हातात फिरली. सगळ्या मांडवात इंग्रजी येणारा माणूस एकच निघाला, आणि तो बोहल्यावर उभा होता. पिंगळीचा बन्सीधर, मॅट्रिक पास, नवरदेव. अंतरपाटाच्या वरून त्याने हात पुढे केला, मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि वाचलं.

"व्यंकटी..." तो म्हणाला आणि थांबला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "वारले म्हणून आहे. पूर्णेहून किशनरावांची."

व्यंकटी म्हणजे आश्रुबाचा सख्खा चुलता. आश्रुबाचा बाप लवकर गेला, त्याला वाढवलं ते या चुलत्याने. किशनराव हा त्या म्हाताऱ्याचा एकुलता एक मुलगा, पूर्णेला रेल्वेत पार्सल ऑफिसात कारकून. म्हातारा महिनाभर अंथरुणाला खिळला होता, म्हणून किशनराव लग्नाला आला नव्हता. लग्न आज आहे, कोणत्या वेळी आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एका बाईने गळा काढला. तिच्यामागे दुसरीने. पुरुषांच्या मुठी सैल झाल्या आणि हळद लावलेले तांदूळ ज्याच्या त्याच्या पायाशी पडले. नवरीवर एकही पडला नाही.

भटजी शहाणे होते. ते म्हणाले, "अहो, देवक बसलंय. आता शास्त्राने सुतक अडवत नाही. राहिलेली अष्टकं होऊ द्या, मग रडा."

नवरदेवाचा बाप पंडितराव पिंगळीचा मोठा शेतकरी होता. त्याने खाली बसून पागोटं काढलं आणि मांडीवर ठेवलं.

"शास्त्र तुमचं बराबर असंल, भटजीबुवा. पन खबर समद्यांच्या कानावर पडली. घरात मौत, आन आमी तांदूळ टाकायचे? उद्या सून घरात आली आन काई इपरीत झालं, तर तुमी येताव का निस्तरायला?"

भटजींनी पोथी मिटली. या मुलखात सुतक पोथीतून लागत नसे, कानातून लागे. हे लहान पोरालाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यावर गावाने एक तोड काढून ठेवली होती. मयताची खबर घेऊन आलेला माणूस एकदम गावात शिरत नसे. शिवेवर चिंच होती. तिच्याखाली तो बसे, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारे, गावात काय चाललंय. मांडव पडलेला असला तर तो तिथेच बसून राही. अक्षता पडल्या, जेवणं झाली, वरात निघाली, की मग उठे आणि खबर देई. याला कुणी लपवणं म्हणत नसे. चिंचेखाली माणूस बसलाय, हे गावाला दिसायचं. तो कशासाठी बसलाय हेही गावाला कळायचं. पण जोवर तो बोलत नाही, तोवर कुणी मेलेलं नसे.

कडूबाई मागच्या दाराने बाहेर पडली. भुजंग पावतीचा कागद घडी घालत स्टेशनच्या वाटेला लागला होता. तिने त्याला नेमकं चिंचेपाशी गाठलं.

"थांब रे."

तो थांबला.

"तुला डोळे न्हाईत? मांडव दिसला न्हाई? अंतरपाट दिसला न्हाई? दुसऱ्या कुनी केलं असतं तर म्हनले असते, नवखा हाय. तू! तुझा बाप या चिंचेखाली बसायचा. माझ्या लग्नात बसलेला व्हता, मला सासूनं मागून सांगितलं. आन तू बोहल्यावर येऊन मौत सांगतूस?"

"मी काई सांगितलं न्हाई. तार दिली," भुजंग म्हणाला. "बाबू म्हनला, आली की लगेच द्यायची, पावती घ्यायची, पावतीवर टाइम लागतो. चिंचेखाली बसलो तर माझी नोकरी जाती."

"एक घटका थांबला असतास तर आभाळ कोसळलं असतं?"

भुजंगाने तिच्याकडे पाहिलं. एरवी तो मालकीणबाई म्हणायचा.

"कडूबाई, लय थांबलो. तुमच्या लग्नात माझा बाप थांबला ते तुमाला सासूनं सांगितलं. तो दिवसभर उपाशी बसलेला व्हता, ते सांगितलं का? मांडवात पंगती उठायल्या, वास चिंचेपस्तोर यायलाय, आन एक मानूस शिळी भाकर घिऊन आला न्हाई. मौतीची खबर घिऊन बसलेल्याला कोन वाढील? मी बी तसाच बसलो, कैक बार. न्हाई म्हनायची सोय नव्हती. आन वाटंला लावायची किती घाई तुमाला! मानसाला भुईवर घेतलं की भुजंगला हाक. तिकडं तो जीव धरून हाय, हिकडं मी त्याची मौत घिऊन चालायलोय. आता मला पगार हाय. मी रेल्वेचं ऐकतो."

तो गेला. कडूबाईला त्याच्या बोलण्यातलं उपाशीपोटाचं तेवढं टोचलं, आणि टोचलं म्हणून आणखी राग आला. बाकीचं तिने त्या वेळी ऐकून घेतलं नाही.

घरी आली तर आश्रुबा पंडितरावाचे पाय धरून बसला होता. पंडितराव म्हणत होता, "आमचा राग तुमच्यावर न्हाई. पन आमी संध्याकाळच्या गाडीनं जाऊ. पुढल्या साली बघू." पुढल्या साली म्हणजे काय, ते कडूबाईला कळत होतं. बोहल्यावरून उठलेली पोर. तिच्या नावामागे हे शब्द लागले की पुढच्या साली पिंगळीवाल्यांना दुसरं स्थळ आलेलं असतं आणि आपल्याला कुणी विचारत नाही. लेक दैवशाला आतल्या खोलीत हळदीच्या अंगाने भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती. हातातल्या हिरव्या बांगड्या एकेक मोजल्यासारख्या फिरवत होती.

"पावन्यांला संध्याकाळपस्तोर धरून ठिवा," कडूबाई नवऱ्याला म्हणाली. "मी पूर्णेला जाऊन येते."

"तोंड बघायला मी जायला पायजे. मला वाढवलं त्यानं."

"तुमी उठलाव की पंडितराव उठले. मी तोंड बघते, आन किशनभाऊजीला एक गोष्ट इचारून येते."

दुपारची पॅसेंजर नांदेडकडून आली. नेसत्या नव्या लुगड्यानिशी ती चढली. गाडीत बसल्यावर तिला आणखी संताप आला तो या गाडीचाच. हीच गाडी गावाला पहिल्यांदा आली तेव्हा केवढं बरं वाटलं होतं. लेक पिंगळीला दिली तर काय, चार स्टेशनं, मनात आलं की भेट. म्हातारा व्यंकटीही म्हणाला होता, आता लांब राहिलं काय? आणि किशनराव तर सणाला घरी आला की तारेशिवाय दुसरं बोलत नसे. खटखट केलं की खबर मुंबईला, वैनी. मानूस वाटंला लावायची गरजच न्हाई. पटकीसारखी वाईट खबर असो की पेढ्याची असो, तार दोन्ही सारख्याच चालीनं नेती. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आज तिला कळलं की हेच तिचं वाईट आहे. चिंचेखाली बसायला तारेला बूड नाही.

पूर्णेला रेल्वेच्या क्वार्टरांची रांग होती. किशनरावाच्या दारापुढे चपलांचा ढीग दिसला. रिवाजाप्रमाणे तिने गल्लीच्या तोंडापासूनच पदर डोक्यावरून ओढला आणि गळा काढला. "आबा ओ आबा, माझ्या लेकीच्या अक्षता न बघता गेलाव ओ आबा..." दारातल्या बायका बाजूला झाल्या. त्यांच्यातली एकही तिच्या सुरात सूर मिसळत नव्हती. हे तिला चमत्कारिक वाटलं, तरी ती रडतच आत शिरली.

भुईवर घोंगडी अंथरली होती. तिच्यावर व्यंकटीआबा उताणे पडले होते, डोळे मिटलेले, ओठांवर तुळशीचं पान. पान हललं.

"कोन गं रडायलंय?" म्हातारा म्हणाला.

कडूबाईचा सूर घशातच राहिला.

"कोन मेलं?" म्हाताऱ्याने डोळे किलकिले केले. "कडू का? आज लगीन हाय ना. तू हितं कशी? पडल्या का अक्षता?"

ती त्याच्या उशाशी बसली. तिने पदर मागे सारला. मग म्हणाली, "पडायल्यात, आबा. पडायल्यात."

"मंग बरं," म्हातारा म्हणाला आणि डोळे मिटले. छाती वर-खाली होत होती. थांबत थांबत, पण होत होती.

तिने मान वर केली. किशनराव भिंतीला चिकटून उभा होता. रेल्वेचा पांढरा सदरा, खिशाला पेन. तो मागच्या अंगणात गेला. ती त्याच्यामागे गेली.

"वैनी, सकाळी नाडीच लागंना," तो म्हणाला. "डोळे फिरवले. भुईवर घेतलं. म्हनलं, झालं आता. मंग धाडली तार."

"मेल्यावर धाडायची का आधी?"

"आपल्यात धाडतेतच की आधी. भुईवर घेतलं की मानूस लावतेत वाटंला. तो पोचंस्तोर..." त्याचं वाक्य अर्धं राहिलं.

आता तिला भुजंगाचं बोलणं आठवलं. तिकडे तो जीव धरून आहे आणि इकडे मी त्याची मौत घेऊन चालायलोय. तीन कोसांची वाट, मधे ओढे. उन्हाळ्यात माणूस निघाला तर प्रहर लागे, पावसाळ्यात दिवस जाई. तोवर मागचं खरं झालेलं असे, म्हणून पुढचं खोटं ठरत नसे. पिढ्यान् पिढ्या असंच चाललं आणि कुणाला त्यात चूक दिसली नाही. किशनरावाने गावची घाई जशीच्या तशी उचलली आणि तारेवर ठेवली. माणूस पाणी पिऊन होईपर्यंत तार ती पोचवून मोकळी झाली.

"तो मानूस पायानं चालायचा, भाऊजी!" ती म्हणाली. "तुमालाच सांगावं लागतं का हे? तुमीच ना सांगत व्हताव, खटखट केलं की मुंबई?"

"डोकं ठिकानावर नव्हतं माझं. बाप हाय तो."

"ते कळतं मला. त्याचा राग न्हाई. नाडी पुन्हा लागली कवा?"

"घटकाभरात."

"घटकाभरात," ती म्हणाली. "तवा आमच्याकडं तिसरं मंगलाष्टक चालू व्हतं. तवाच दुसरी तार कामून धाडली न्हाई?"

किशनरावाने पेन खिशातून काढलं, टोपण घट्ट केलं आणि पुन्हा खिशात ठेवलं.

"तसं बरं दिसत न्हाई, वैनी. परभणीला, मानवतला, नांदेडला, समदीकडं धाडल्या. तारबाबू माझा दोस्त हाय. त्याला काय सांगू? सकाळी बाप मेला म्हनलो, आता जिता झाला म्हनू? स्टेशनात समदे हसतील. पावने वाटंवर हायेत. आन तसं बी..." त्याने आतल्या दाराकडे पाहिलं. "संध्याकाळपस्तोर..."

"संध्याकाळपस्तोर काय?"

त्याने आतलं दार ओढून घेतलं.

कडूबाईच्या आयुष्यात रागाचे प्रसंग थोडे नव्हते. पण हा राग डोक्यात चढला नाही, पायांतून थंड वर आला.

"बोला ना. संध्याकाळपस्तोर जाईल म्हनून? म्हंजे तुमची तार खोटी पडू नये म्हनून बापानं मरायचं? त्यो आत इचारायलाय, अक्षता पडल्या का. आन तुमी हितं उभं ऱ्हाऊन वाट बघायलाव, कवा मरतो आन कवा माझं खरं व्हतं! माझी लेक बोहल्यावरून उठली, भाऊजी. हळदीच्या अंगानं बसलीय. तुमचे बाबू हसतील म्हनून!"

"वैनी, हळू..."

"कामून हळू? सकाळी हळू धाडली का? चला. माझ्यासंगं चला. मांडवात उभं ऱ्हावा आन आपल्या तोंडानं सांगा."

"तार करतो ना. आता लगेच करतो."

"तारेनं बांधलं तुमी. ते तारेनं सुटायचं न्हाई. एकदा मेला म्हननारी तार, एकदा जिता म्हननारी, पंडितराव कोनती मानतील? चला."

"बाप असा हाय आन मी जाऊ? मागं काई झालं तर तोंडात पानी कोन घालील?"

हे मात्र खरं होतं. तेवढ्यात किशनरावाची बायको पार्वतीबाई दारात आली.

"मामाजी हाक मारायलेत," ती म्हणाली. "दोघांला."

म्हाताऱ्याचे कान शाबूत होते. पातळ भिंतीपलीकडचं त्याने सगळं ऐकलं होतं. किशनराव खाली बसला तेव्हा त्याने मुलाचा सदरा मुठीत धरला. धरवला नाही, सुटला.

"मला मारून टाकलंस का रं सकाळीच?" तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं की कळ, ते सांगता आलं नसतं. "जा. पोरीचं उरकून घ्या. मी हाय तवर."

"बापू, तुमाला सोडून..."

"जा म्हनलं ना. पार्वती घालील पानी."

चुडाव्याला ते दोघं उतरले तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. पिंगळीवाल्यांच्या वळकट्या बांधून ओसरीवर ठेवलेल्या होत्या. किशनराव मांडवात शिरला तशी माणसं उठून उभी राहिली. बाप मेलेला माणूस अंघोळ न करता, डोक्यावर केस असताना, लग्नाच्या मांडवात.

"बाप जिता हाय," किशनराव म्हणाला. "मी त्याच्या उशापासून आलो. तार चुकीची गेली."

"चुकीची कशी जाईल?" कुणीतरी म्हणालं. "सरकारी तार हाय."

"तारेत तर वारले म्हनून हाय," दुसरा म्हणाला. "आमी लगेच डोक्यावरून पानी घेतलं."

आणि गंमत अशी की बरीच माणसं मान हलवू लागली. पोटचा पोरगा समोर उभा राहून बाप जिता आहे म्हणतो, तर त्यांना कागद खरा वाटत होता. कडूबाई पुढे आली. मुलीच्या आईने मांडवात असं बोलायचं नसतं.

"तारेला नाडी बघता येती का?" ती म्हणाली. "मी बघून आले. आबानं मला नावानं हाक मारली. म्हनले, पडल्या का अक्षता. मी खोटं बोलले त्यांच्याशी, पडायल्यात म्हनले. आता ते खोटं खरं करायचं का माझ्या लेकीला जल्मभर बोहल्यावरून उठलेली म्हनायचं, ते पंडितरावांनी सांगावं. तार सकाळी मानली ना? मंग आता मानूस माना."

पंडितरावाने किशनरावाकडे पाहिलं. "देवकाला हात लावून म्हना."

किशनरावाने मांडवाच्या खांबाला बांधलेल्या देवकाला हात लावला. "जिता हाय," तो म्हणाला.

भटजी घाई करू लागले. सकाळचा मुहूर्त गेला असला तरी गोरजाचा होता. जनावरं परतायची वेळ झाली होती, आणि तो मुहूर्तही थांबणार नव्हता. वळकट्या परत आत गेल्या. दैवशालाच्या डोक्यावर पुन्हा पदर आला. अंतरपाट झटकून धरला गेला. किशनराव सगळ्यांच्या पुढे उभा होता. दिवसभरात पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर रक्त आलं होतं.

कडूबाई उंबऱ्याआड गेली. दाराच्या फटीतून तिला बोहलं दिसत होतं, आणि मांडवाच्या मोकळ्या बाजूने शिवेपर्यंतची वाटही. चिंचेखाली कुणीतरी बसलं होतं. निळा कोट.

ती मागच्या दाराने निघाली. कुणी पाहिलं नाही.

भुजंग दगडावर बसला होता, हात गुडघ्यांवर.

"आली?" तिने विचारलं.

त्याने छातीवरच्या खिशावर बोट टेकवलं. "किशनरावाच्या नावानं. तुमची गाडी सुटली आन म्हातारा लगेच गेला. बायकोनं धाडली. आमच्या बाबूनं तिकडून दोनदा इचारून घेतलं म्हनं, खरंच का."

मांडवातून पहिल्या मंगलाष्टकाचा आवाज आला. कडूबाईने कपाळाला हात लावला.

"भुजंग, सकाळी मी..."

"सकाळचं ऱ्हाऊ द्या. मी आपल्या मनानं थांबलोय. बाबूचा हुकूम न्हाई, तुमचा तर न्हाईच. पोरीनं काय केलंय कुनाचं? पन एक सांगतो. मी हितं बसनार न्हाई."

"मंग?"

"समदे जिथं उभे हायेत तिथं उभा ऱ्हानार. हातात अक्षता घिऊन. आन जेवनार बी तिथंच, पंगतीत. हितं आनून द्यायचं न्हाई."

तिला पंडितराव आठवला, भावकी आठवली, बायकांची तोंडं आठवली. दुसरं मंगलाष्टक सुरू झालं. नाही म्हटलं तर हा काय करील, हे तिने त्याच्या चेहऱ्यावर शोधलं. त्यात धमकी नव्हती. नाही म्हटलं तर तो या दगडावर बसून राहील, तार खिशात ठेवून, उपाशी, बापासारखा. तिला तेच सोसेना.

"चला," ती म्हणाली.

मांडवाच्या कडेला भावकीतला एक म्हातारा उभा होता. त्याने भुजंगाला आडवा हात केला. "तू आत कुठं रे?"

"पावने हायेत माझे," कडूबाई म्हणाली, आणि कडेला ठेवलेल्या ताटातल्या अक्षता तिने भुजंगाच्या ओंजळीत घातल्या. म्हाताऱ्याने हात काढून घेतला नाही, तिनेच तो बाजूला केला. मग तिला आठवलं की आपण इथे असायचं नाही. पण आता ती उंबऱ्याआड गेली नाही.

शेवटचं मंगलाष्टक झालं. अक्षता उडाल्या, ताशा वाजला. भुजंगाने मूठ उघडली तेव्हा त्याचा नेम नीट लागला, दोघांच्याही डोक्यावर. सकाळी जमिनीवर पडलेले तांदूळ अजून तिथेच होते, माणसांच्या पायांखाली.

पंगत बसली. भुजंग शेवटच्या टोकाला बसला. शेजारच्याने आपली पत्रावळ वीतभर सरकवली. कडूबाईने त्या दोघांच्या मधे उभं राहून स्वतः वाढलं, पुरी, वांग्याची भाजी, बुंदी. भुजंग सावकाश जेवला, काही न टाकता. समोरच्या रांगेत किशनराव होता. त्याची भीड चेपली होती. शेजारच्याला तो सांगत होता की चूक तारेची नाही, घाईची असते, तार ती तार. एकदा हसलाही. कडूबाईने त्याला बुंदी वाढली. बुंदी पत्रावळीबाहेर सांडली. ती त्याच्याकडे न बघता पुढे गेली.

भुजंगाने हात धुतले, उपरण्याला पुसले. मग तो किशनरावाच्या पत्रावळीपुढे येऊन उभा राहिला आणि त्याने कोटाची वरची गुंडी काढली.

"किशनराव, तार हाय."

किशनरावाने खरकट्या हातानेच ती घेतली. वाचायला वेळ लागला नाही.

"कवा आली?"

"अक्षतांच्या आधी."

"आन तू जेवत बसलास?"

"व्हय," भुजंग म्हणाला. "पोटभर."

किशनराव उठला. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि त्याची नजर कडूबाईवर थांबली. "वैनी, तुमाला ठावं व्हतं?"

"व्हतं."

"माझा बाप मेला. माझ्या मागं मेला. आन तुमी मला बुंदी वाढली? मी हसायलतो हितं! मला सांगायचा हक नव्हता?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. कडूबाईने परात खाली ठेवली.

"व्हता," ती म्हणाली. "हक व्हता. माझ्या लेकीचा बी व्हता, सकाळी. जा आता. आबानं इचारलेलं हाय, पडल्या का म्हनून. जाऊन कानात सांगा, पडल्या."

मांडवात कुणीतरी कुजबुजलं, कुणीतरी विचारलं, आणि खबर पंगतीवरून सरकत गेली. बोहल्याजवळ बसलेल्या दैवशालाने आईकडे पाहिलं. कडूबाईने पदर डोक्यावरून ओढला. दुपारी पूर्णेच्या गल्लीत घशात राहिलेला सूर तिने आता लावला, आणि या वेळी सगळ्या बायका तिच्याबरोबर रडल्या.

किशनराव तार धरून उभा होता. कागदाला तुपाची बोटं उमटली होती. भुजंगाने पावतीचं पुस्तक उघडलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"हात धुऊन घ्या," तो म्हणाला. "तुमाला अंगठा न्हाई चालायचा. सही लागती."